तुमचाच लेख, तुम्हीच पाहा

खान्देशात जनावरांच्या डॉक्टरनं रिटायर व्हावं, वाटलंच तर मरावं, पण लिहायला लागू नये.

मी मोटरसायकलवर गावोगाव हिंडत होतो तोवर माझ्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. अपरात्री दार वाजे, ‘डाक्टर, म्हैस उठी नही ऱ्हायनी!’ व्यालेली म्हैस मान पोटाकडे वळवून गार पडलेली. टॉर्चच्या उजेडात मी मानेच्या शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडी. (घाई केली तर म्हशीचं काळीज बंद पडतं आणि पाठोपाठ मालकाचं.) बाटली संपता संपता म्हैस ढेकर देई, शेण टाके, डुलत उठे. श्रेय कानबाई देवीला, चहा मला. व्यवहार चोख होता.

मग संशोधनात शिरलो. म्हणजे गोठ्यागोठ्यांतून शेण गोळा करायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातली जंतांची अंडी मोजायची. शेजारच्या आजींनी एक डबी उघडून पाहिली नि म्हणाल्या, ‘इतलं शिकीसन शेवटी शेणच का रे भाऊ?’ प्रश्न बिनतोड होता. बरं, नमुना थंड ठेवावा लागतो, नाहीतर अंडी उबून अळ्या होतात. म्हणून मी तो फ्रिजमध्ये ठेवला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. त्यावर घरात जे ऐकलं ते कुठलंही नियतकालिक छापणार नाही.

लिखाणाची तऱ्हा तर आणखी निराळी. वरणबट्टीच्या पंगतीत लोक ‘लेख वाचला बरं का’ म्हणतात आणि बट्टी कुस्करता कुस्करता गाय का उलटते, म्हणजे भरवूनही गाभण का राहत नाही, ते विचारतात. 2022 साली रावेर-यावलकडे लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला. गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होते. दोन्ही विषाणू एकाच भावकीतले, म्हणून ती चालते, हे मी चांगलं रंगवून लिहिलं. सकाळीच फोन. ‘लेख झकास! पण आमची म्हैस दूध चोरते, ते कितव्या परिच्छेदात आहे?’

एकानं तर लेख कापून गोठ्याच्या खांबाला चिकटवला. एवढा मान कुठल्या संपादकानं दिला नव्हता, म्हणून मुद्दाम पाहायला गेलो. खांबावर फक्त माझं नाव आणि वर अर्धं शीर्षक. बाकीचा लेख वासरानं खाल्लेला.

‘साहेब, बरं झालं आले,’ मालक म्हणाला, ‘कालपासून हगवण लागलीय त्याला. तुमचाच लेख, आता तुम्हीच पाहा.’