रात्री तीन वाजता डॉक्टरांना उठवायचं कुणी?

आपल्याकडे इंजेक्शन चुकलं आणि पेशंट दगावला की पुढचं सगळं पाठ असल्यासारखं घडतं. नातेवाईक काचा फोडतात, सिस्टर निलंबित होते, चौकशी समिती बसते, संघटना रिक्त पदांचा आकडा पुढे करते. आमच्या जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशी बातमी पडली की लगेच दोन तट. एकींचं म्हणणं, आजकालच्या पोरींना साधी शीर सापडत नाही, कॉलेजं फी घेऊन पास करतात. दुसरींचं म्हणणं, चाळीस पेशंटला एकटी सिस्टर ठेवल्यावर चूक होणार नाही तर काय होणार? मी इंग्लंडात लेस्टरच्या बाजूला एका हॉस्पिटलात वॉर्डवर काम करते. मला दोन्ही बाजू पटतात, पण भांडण नेहमी चूक झाल्यानंतरचं असतं. चुकीच्या आधीचे तासभर वॉर्डात कोण कुणाशी काय बोललं, हे कुणीच विचारत नाही.

मनुष्यबळाचं आधी उरकते. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स धरली आहे. धुळे-नंदुरबारात मी जिथे जिथे ड्यूटी केली तिथे हे प्रमाण भिंतीवरच्या तक्त्यातही नव्हतं. तालुक्याच्या गावी तर बारावी झालेल्या मुलीला पांढरा कोट चढवून ‘सिस्टर’ म्हणून उभं करतात, हे गावाला माहीत असतं आणि पेशंटलाही. भरती हवीच. ‘तू तर निघून गेलीस, आता आम्हाला शिकव’ हा टोमणाही मला मान्य आहे, मी गेल्याने एक खुर्ची रिकामी झालीच. पण चाराच्या आठ सिस्टर केल्या आणि आठही जणी गप्प राहिल्या, तर पेशंटला फरक पडत नाही.

जून २०२० मधली जळगावची गोष्ट आठवा. भुसावळच्या ८२ वर्षांच्या कोविडग्रस्त आजी शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झाल्याची ओरड झाली आणि आठेक दिवसांनी त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ते दिवस भीतीचे होते, माणसं कमी होती, हे सगळं खरं. पण दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर तेवढ्या दिवसांत वीसेक वेळा तरी ‘ओव्हर’, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, दिली-घेतली गेली असणार. त्या प्रत्येक ओव्हरला कॉटजवळ उभं राहून, माणूस डोळ्यांनी बघून नाव उच्चारलं असतं तर? निलंबनाने हा प्रश्न सुटला नाही, नुसता फायलीत गेला.

ओव्हर कशी होते ते वॉर्डवाल्यांना सांगायला नको. काउंटरपाशी, पर्स खांद्याला लावलेली, एसटीची वेळ झालेली. ‘तीन नंबरला सलाईन चालू, सातला ताप होता, पॅरासिटामॉल दिलंय, बाकी ठीक.’ या ‘बाकी ठीक’मध्ये अर्धा वॉर्ड असतो. आणि ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवर श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. पूर्ण मिनिटभर पोटाकडे बघत श्वास मोजणारी सिस्टर मी क्वचितच पाहिली. इथे इंग्लंडातही नव्या पोरींच्या मागे त्यासाठी लागावं लागतं. वास्तविक माणूस खालावायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वास वाढतो, बीपी पडतं ते मागाहून.

एका खासगी दवाखान्यातली रात्र सांगते. ऑपरेशन झालेल्या बाईची नाडी वाढत चालली होती, ती सारखी कूस बदलत होती, ‘मना जीव घाबरी ऱ्हायना’ (माझा जीव घाबरतोय) म्हणत होती. ड्यूटीवरच्या सिस्टरला कळत होतं, काहीतरी बिनसलंय. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. डॉक्टर सरांना झोपेतून उठवलं की ते ओरडतात आणि सकाळी राउंडला सगळ्यांसमोर लाज काढतात, हे तिला पक्कं ठाऊक. शेवटी सहाला सर आले आणि बाईला अॅम्ब्युलन्समध्ये घालून नाशिकला हलवावं लागलं. त्या सिस्टरचं ज्ञान कमी नव्हतं. तिला फोन करायला आधार नव्हता.

इथे इंग्लंडात तो आधार एका आकड्याने दिला आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये गुणांचा एक तक्ता आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वास, रक्तातला ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप यांना प्रत्येकी शून्य ते तीन गुण. ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने बघायचं, सात झाली की थेट आणीबाणी. गंमत अशी की यात डॉक्टरला बोलावते ती सिस्टर नसतेच, बोलावतो तो आकडा. कालची लागलेली पोरगीही कन्सल्टंटला ‘सात झालेत, या’ एवढंच सांगू शकते. नाही सांगितलं तर उलट तिलाच विचारणा होते.

फोनवर कसं बोलायचं याचीही ठरलेली रीत आहे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून ती दवाखान्यांत आली म्हणतात: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतंय, मला तुमच्याकडून काय हवंय. पहिले दोन भाग आपल्याकडच्या सिस्टर झोपेतही सांगतील. घशात अडकतात ते शेवटचे दोन. ‘मला वाटतंय आतून रक्तस्राव होतोय, तुम्ही दहा मिनिटांत या’ हे वाक्य तीन वर्षांच्या जीएनएममध्ये माझ्याकडून कुणी एकदाही म्हणवून घेतलं नाही. ‘येस सर’ मात्र रोज.

इंग्लंडला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. मिड स्टॅफर्डशर रुग्णालयात पेशंटचे इतके हाल झाले की २०१३ मध्ये चौकशी अहवालाला २९० शिफारशी कराव्या लागल्या. आमच्या लेस्टरमध्येच २०११ साली एका लहान मुलाचा मृत्यू झाला आणि पुढे एक डॉक्टर आणि एक नर्स फौजदारी खटल्यात दोषी ठरल्या. एकट्या माणसाला सुळावर चढवायची हौस इथेही आहे. २०२१ मध्ये लंडनला रुग्णालयात तेरा वर्षांची एक मुलगी दगावली. आईवडील सांगत होते, कुणी मनावर घेतलं नाही. त्यानंतर २०२४ पासून तिच्या नावाचा नियम लागू होत गेला. घरच्यांना वाटलं की आपलं माणूस खालावतंय आणि वॉर्ड ऐकत नाही, तर ते स्वतः दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला बोलावू शकतात.

हा नियम वाचला तेव्हा मला खानदेशातलेच वॉर्ड दिसले. आपल्याकडे तर सासू, दीर, मोठा मुलगा चोवीस तास कॉटशेजारी असतात. आईचा चेहरा उतरला हे मशीनच्या आधी त्यांना कळतं. आपण त्यांना काय म्हणतो? ‘गर्दी करू नका, बाहेर थांबा.’ डॉक्टर-नर्सवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. तरी सकाळी काचा फोडणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी रात्री तीनदा काउंटरवर येऊन ‘ताई, जरा बघा ना’ म्हटलेलं असतं, हेही आम्ही सिस्टर मंडळी जाणतो.

सगळंच मात्र उचलून आणता येणार नाही. इथे गोळी देण्याआधी नाव आणि जन्मतारीख विचारतात, मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. आता हे यावल-रावेरच्या बायकांच्या वॉर्डात करून बघा. तीन सुमनबाई पाटील, त्यातल्या दोघींची जन्मतारीख १ जून, कारण गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाला तीच दिली! तिथे नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, गाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर, असं पट्टीवर हवं, आणि तेही पेशंटकडूनच वदवून घ्यायचं. ‘तुम्ही सुमनबाई ना?’ असं विचारलं तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

भाषेचंही तसंच. मी नवापूरकडची, गुजराती मला घरच्यासारखी. तरी इथल्या गुजराती आजीच्या ऑपरेशनची संमती घेताना मला मध्ये बोलू देत नाहीत, फोनवर नेमलेला दुभाषी घेतात. नातवाकडून तर नाहीच. सुरुवातीला मला हा नखरा वाटला होता. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे साधारण ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-अक्कलकुव्याहून येणारी बाई पावरी किंवा भिली बोलते, सिस्टर पुस्तकी मराठी, डॉक्टर निम्मं इंग्रजी. मध्ये जो कुणी उभा असेल तो, कधी वॉर्डबॉय, कधी दहा वर्षांचं पोर, ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ पोचवतो. दिवसाला दोनदा जेवण नसेल तर काय, हे विचारायला कुणी उरत नाही.

सुट्टीवर गेले की धुळ्यातल्या नर्सिंगच्या मुली मला ओईटीचं विचारतात. परदेशी जाण्यासाठीची ही इंग्रजीची परीक्षा. तिच्या तोंडी भागात पाच-पाच मिनिटांचे दोन प्रसंग वठवायचे असतात: समोर घाबरलेला पेशंट, त्याला धीर द्यायचा, त्याला काय समजलंय ते काढून घ्यायचं, मग सांगायचं. मुली त्यासाठी क्लास लावतात, आरशासमोर सराव करतात. लंडनच्या आजीशी कसं बोलावं हे तोंडपाठ होतं आणि तोरणमाळच्या आजीशी कसं बोलावं याला जीएनएममध्ये एक गुणही नाही. तसले दोन प्रसंग आपल्याकडच्या जीएनएमच्या तोंडी परीक्षेत घालायला फार खर्च येत नाही. एकात पावरी बोलणारी पेशंट असावी, दुसऱ्यात झोपमोड झालेले सर. पहिल्या प्रसंगाला गुण द्यायला आशाताईंना बसवा, त्यांना मानधन द्या. आणि दुसऱ्यात सरांनी खरोखर ओरडावं, मुलीने तरी फोन ठेवू नये.