सायकल घ्यायचीय? मग डचमध्ये घ्या!

नेदरलँड्समध्ये नव्यानं आलेल्या मराठी माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात. सायकल कोणती घेऊ? आणि डच शिकावंच लागतं का हो? पहिल्यावर उत्तरांचा नुसता पाऊस पडतो. दुसऱ्याला एकच उत्तर मिळतं, ‘काही गरज नाही, इथे सगळ्यांना इंग्रजी येतं.’ हे दुसरं उत्तर मला अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न एकाच दुकानात सुटतात. सायकल विकत घ्या, आणि तो सगळा व्यवहार डचमध्ये करा.

इंग्रजी येतं हे खरंच आहे. आमच्या आइंडहोव्हनमध्ये तर जास्तच, कारण शेजारच्या फेल्डहोव्हनला एएसएमएल आहे आणि त्या कंपनीपायी जगभरातली माणसं इथे येऊन राहिली आहेत. तुम्ही अडखळत डच वाक्य सुरू केलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. आपल्याला वाटतं, हिणवतोय. तसं नसतं हो, त्याला काम उरकायचं असतं आणि आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये असंही वाटत असतं. पण या सौजन्यापायी लोक वर्षानुवर्षं ‘गुड मॉर्निंग’च्या डच अवतारापुढे सरकत नाहीत. नोकरीच्या खास व्हिसावर आलेल्यांना भाषेची परीक्षा आल्याआल्या सक्तीची नसते. कायमच्या रहिवासाचा अर्ज करायची वेळ आली की मग एकेकाची पळापळ सुरू होते.

क्लास लावाच, त्याबद्दल वाद नाही. पण क्लासमध्ये तुमचं काही पणाला लागलेलं नसतं. ‘माझ्या बहिणीकडे पांढरं मांजर आहे’ हे वाक्य चुकलं काय आणि बरोबर आलं काय, मांजराला फरक पडत नाही. सायकलीच्या दुकानात मात्र खिशातले पैसे जाणार असतात, त्यामुळे कान आपोआप टवकारतात. त्यात वस्तू समोर उभी असते, शब्द नाही सुचला तर बोट दाखवता येतं. आणि विषय आपल्या ओळखीचा. चेन, मडगार्ड, कॅरिअर, डायनॅमो, घंटी, हवा, पंक्चर... यातलं काय आपल्याला कुणी नव्यानं समजावून सांगायला हवंय? हवा भरायचा व्हॉल्व्हसुद्धा इथल्या साध्या सायकलींना बहुतेक वेळा आपल्याकडच्या जुन्या सायकलींसारखाच असतो. तो पाहून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.

या देशात माणसं साधारण १.८ कोटी आणि सायकली २.३ कोटींच्या वर. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक ‘फीट्सनमाकर’ असतो, म्हणजे आपला सायकलवाला. नवीही विकतो, जुनीही विकतो आणि दुरुस्तीही करतो. जुनी घ्यायला कुणाला कमीपणा वाटत नाही. १८९२ पासून चालत आलेली खझेले किंवा १९०४ ची बाटाव्हुस या इथल्या जुन्या कंपन्या, त्यांची वापरलेली सायकल नीट पाहून घेतली तर पुष्कळ वर्षं साथ देते.

आता किंमत विचारायची. इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे आणि तो कुणी सांगतच नाही. डचमध्ये १७५ म्हणायचं तर शंभर, मग पाच, मग सत्तर, असा क्रम लागतो. आपलं ‘एकशे पंच्याहत्तर’ वेगळं काय सांगतं? इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास ५७ आणि ७५ ची गल्लत करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. डच मुलं आजही आपल्या जुन्या क्रमानंच आकडे म्हणतात. तेव्हा किंमत ऐकताना मनात मराठीत ऐका, इंग्रजीत नको.

दुकानात भाव फारसा खाली येत नाही. मंडईतली घासाघीस इथे करू नका, ती उद्धट वाटते. त्यापेक्षा ‘याच्यासोबत कुलूप मिळेल का?’, ‘नवा दिवा बसवून द्याल का?’ असं विचारा. हे असं हक्कानं पण गोड बोलणं कुठल्याच पाठ्यपुस्तकात धड सापडत नाही.

चक्कर मारून पाहायला मागायलाच हवी आणि त्याआधी ब्रेकचं विचारायला हवं. इथल्या कितीतरी सायकलींना मागचा ब्रेक हँडलला नसतोच. पॅडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपली सवय काय? सिग्नलला थांबलो की पायानं पॅडल उलटं फिरवून वर आणायचं आणि मग जोर मारून निघायचं. या सायकलीवर ते पॅडल उलटं फिरतच नाही, आणि मागून येणाऱ्या शाळकरी पोरांची रांग तुमच्यापाशी खोळंबते. ज्यांना जमत नाही त्यांनी सरळ हाताच्या ब्रेकची मागावी, लाजायचं काय त्यात? उंचीचंही तसंच. डच माणसं जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात आणि सीट उंच ठेवून बसायची त्यांची रीत. पाय टेकायला हवेत, लहान फ्रेम दाखवा, हे स्पष्ट सांगायचं.

फ्रेमवरचा नंबर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, विशेषतः दुकानाबाहेर अनोळखी माणसाकडून घेत असाल तर. ती सायकल चोरीची म्हणून नोंदलेली आहे का हे पोलिसांच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येतं. चोरीची आहे असा संशय यायला हवा होता, इतक्या स्वस्तात सायकल घेतली तर घेणाराही कायद्यानं अडकू शकतो. मागच्या चाकाचं गोल कुलूप तर हवंच, शिवाय जाड साखळी घ्या. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा आणि मागे लाल, हा नियम. हातात मोबाइल धरून सायकल चालवायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे.

मासिक भाड्याच्या सायकलींबद्दल विचाराल, तर २०१४ मध्ये डेल्फ्टला सुरू झालेली, पुढचा टायर निळा असलेली ती सोय विद्यार्थ्यांना उत्तम आहे. बिघडली की दुरुस्त करून किंवा बदलून देतात. पण सगळं ॲपवर, आणि इंग्रजीतही चालतं. भारतात परत निघालेल्या मराठी कुटुंबाची सायकल घेतलीत तर व्यवहार मराठीतच होणार. पैसे वाचतील, गप्पा होतील, चकल्याही मिळतील कदाचित, भाषा मात्र तिथल्या तिथेच राहील.

हे सगळं मी खरं म्हणजे नवऱ्याच्या नोकरीनिमित्त इथे आलेल्या बायकांसाठी लिहितेय. नवरे ऑफिसला जातात, तिथे कॉफीच्या वेळी का होईना चार डच शब्द कानावर पडतात. बाईच्या वाट्याला मुलांची शाळा, डॉक्टर आणि सुपरमार्केट. सायकलही बहुतेक घरांत तोच निवडतो, इंटरनेटवर तुलना करकरून. कशासाठी? जिला चालवायची तिनं जावं दुकानात! चालवता येत नसेल तर ठिकठिकाणच्या वस्ती-केंद्रांत परदेशातून आलेल्या बायकांसाठी सायकलीचे वर्ग चालतात. शिकवणारे पुष्कळदा स्वयंसेवक असतात, बऱ्याचदा निवृत्त झालेले, आणि बोलतात डचमध्ये. ‘समोर बघ’, ‘डावीकडे हात दाखव’, ‘थांब!’ हे शब्द तोल सांभाळत ऐकलेले असतात, ते डोक्यातून जात नाहीत. तिथे मोरोक्कन, तुर्की, सीरियन बायका भेटतात. त्यांच्याशी बोलायला इंग्रजी बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं, त्यामुळे मोडकी डच हीच सगळ्यांची भाषा होते. मला तर हे क्लासपेक्षा भारी वाटतं. चाळिशीनंतर सायकल शिकून होव्हनरिंगवरून गोल चक्कर मारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. २०१२ मध्ये खुला झालेला हा टांगता गोल पूल फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी आहे, मोटारी खालून जातात.

आणि दुकानदार इंग्रजीवर घसरलाच तर हसून ‘इक लेर नेदरलँट्स’, म्हणजे ‘मी डच शिकतेय’, म्हणायचं आणि आपण डचमध्येच पुढे जायचं. बहुतेक जण तेवढ्यावर वेग कमी करतात. आमच्या ब्राबांट भागात ‘ख’चा उच्चार मऊ, आणि निघताना ‘हाउडू’ म्हणतात. क्लासच्या ऑडिओपेक्षा वेगळं ऐकू आलं तर घाबरू नका. फक्त शनिवारी दुपारी जाऊ नका, तेव्हा गर्दीत कुणालाच तुमच्यासाठी वेळ नसतो. आणि सोमवारी सकाळीही नको, बरीच दुकानं बंद असतात. मंगळवारी सकाळी जा.