‘खिशात असली की काही होत नाही’ म्हणे!

लातुरात क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर व्हेपबद्दल, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटबद्दल, एक मेसेज फिरतोय: “व्हेपमध्ये मोबाइलचीच बॅटरी असते. फुटली तर चार्जिंगवर फुटते, खिशात नाही. वापरून फेकायच्या व्हेपची बॅटरी तर संपली की मेली, खुशाल कचऱ्यात टाका.”

मोबाइलचीच? जात एकच, लिथियम-आयन, हे खरं. पण मोबाइलमधली चपटी, बऱ्याच व्हेपमधली नळकांडी. आत वायूचा दाब वाढला की नळकांडं टोकाकडून फुटतं आणि दिवाळीतल्या बाणासारखं सुटतं. तेही तोंडाशी धरलेलं असताना. अमेरिकेत २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासात असे दोन जीव गेलेत.

‘खिशात नाही’ हे तर साफ उलटं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या, बहुतेक बातम्यांतून गोळा केलेल्या, १९५ घटना तपासल्या. चार्जिंगवर ४८. ओढताना ६०. खिशात ६१! कारण अवघड नाही. सुटी १८६५० बॅटरी (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) किल्ल्या आणि चिल्लरसोबत खिशात टाकली, वरचं प्लास्टिक थोडं फाटलेलं असलं, की किल्लीच दोन्ही टोकं जोडते. शॉर्ट होऊन सेल तापतो, १३० अंशांच्या आसपास आतली धन आणि ऋण बाजू वेगळी ठेवणारा पातळ पडदा वितळतो आणि पुढे ती उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत नेते. मग व्हेपचं बटण बंद असून काय उपयोग? मांडी भाजते, वर रसायनाचाही दाह होतो. दवाखान्यात गेल्यावर ‘बॅटरी फुटली’ हे लाज सोडून सांगा, लेकरांनो.

आपल्याकडच्या उन्हाचं म्हणाल, तर परभणीच्या ४३ अंशांत बॅटरी लगेच फुटते असंही नाही. पण बंद गाडीत डॅशबोर्डवर तापलेली तशीच चार्जिंगला लावू नये. साधारण ४५ अंशांपुढे हे सेल चार्ज करायचेच नसतात.

‘बंदी आहे, म्हणजे बाजारात येतो तो चांगलाच माल’ असंही कुणीतरी खाली जोडलंय. देशात २०१९ पासून विक्री बेकायदा आहे. चोरून आलेल्या मालाची तपासणी कोण करणार? पावती नाही, तक्रारीला जागा नाही.

आणि ‘मेली’? फेकायच्या व्हेपमध्येही बहुधा पुन्हा चार्ज होणारा सेलच असतो, त्यात थोडी वीज उरलेली असते. घंटागाडीत दाबला, भंगारवाल्याने ठोकला किंवा रस्त्याकडेच्या कचऱ्यासोबत पेटवला, तर तो पेट घेऊ शकतो. सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.