नक्कल खुपते, पण मूळ नाटक कुठे आहे?

मराठी विनोदी चित्रपटात एखादे पात्र ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांच्या आवेशात घर मागू लागले किंवा पेला उंचावून ‘एकच प्याला’तल्या सुधाकराची भाषा बोलू लागले, की गोव्यातल्या आमच्या मित्रमंडळींत वाद पेटतो. अभिजात नाटकांची ही टवाळी खपवून का घ्यायची, असा सूर असतो. असे चित्रपट पाहूच नयेत, असाही काहींचा आग्रह आहे. इंग्लंडमध्ये राहून हा वाद ऐकताना मला त्यांची कळकळ पटते, राग पटत नाही.

इथे शेक्सपिअरच्या काळाची थट्टा राजरोस होते. १९९८च्या ‘शेक्सपिअर इन लव्ह’मध्ये मांजरापुढे जिवंत उंदीर धरणारा, रक्तपाताची ओढ असलेला एक कळकट पोरगा आपले नाव जॉन वेबस्टर असे सांगतो. याच नावाच्या नाटककाराने पुढे ‘द डचेस ऑफ माल्फी’ ही रक्तरंजित शोकांतिका लिहिली, हे ज्यांना ठाऊक असते ते खळखळून हसतात आणि इतरांचेही काही अडत नाही. ही थट्टा पचते, कारण इथे इंग्रजी साहित्याच्या शालान्त परीक्षेला शेक्सपिअरचे एक तरी पूर्ण नाटक अभ्यासावे लागते आणि त्याचे प्रयोगही सतत होत असतात. ‘जाने भी दो यारो’मधला द्रौपदीवस्त्रहरणाचा गोंधळ आपल्याकडे असाच पचला, द्यूतसभा माहीत नसलेला प्रेक्षक विरळाच.

शिवाय उसनवारीचा विटाळ मानायचा, तर नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे काय करायचे? ‘संशयकल्लोळ’ त्यांनी आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतले, मर्फीने ते मोलिएरवरून, आणि तरीही त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव अस्सल मराठीच.

गोव्याने तर नकलेला मुळीच भिऊ नये. जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात गावातलाच एखादा मास्तर ‘संशयकल्लोळ’मधला अश्विनशेठ होऊन उभा राहतो, पेटीने सूर धरताच पुढे बसलेल्या आज्या त्याच्याआधी पद गुणगुणू लागतात आणि पद रंगले तर ‘वन्स मोअर’ मिळाल्याशिवाय त्याची सुटका नसते. अशा प्रेक्षकाला नक्कल कुठे जमली आणि कुठे फसली, हे कोणी सांगावे लागत नाही.

काळजी वाटते ती पणजीत वाढणाऱ्या माझ्या भाचरांची. त्यांना सुधाकर भेटला तो थेट नकलेतून. त्याच्या बायकोची, सिंधूची ससेहोलपट किंवा तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ त्यांनी कधी पाहिलेच नाही. म्हणून चित्रपटांवर चिडणाऱ्या माझ्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी तुम्ही एवढ्या मेहनतीने बसवता ती संगीत नाटके जवळच्या विद्यालयांत न्या, निदान ‘संशयकल्लोळ’चा एक अंक तरी, पेटी-तबल्यासह.