सही केली म्हणून हक्क गेला नाही

एक फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग आत्याने पाठवला. मजकूर असा: "डॉक्टरच्या चुकीने पेशंट दगावला तरी भरपाई विसरा. नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर वगळलेत. ऑपरेशनआधी सही केली की विषय संपला. सरकारी दवाखान्यावर केसच होत नाही. मिळालेच तर दोन-पाच हजार. आणि आधी पोलीस केस सिद्ध करा, मग पैशाचं बोला."

मी ग्राहक आयोगात वकिली करतो. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

डॉक्टर वगळल्याच्या अफवेला निदान धागा तरी आहे. २०१९ च्या कायद्याच्या आधीच्या विधेयकात 'सेवा'च्या व्याख्येत आरोग्यसेवा होती, कायद्यात तो शब्द राहिला नाही. पण पैसे घेऊन केलेले उपचार ही सेवाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलंय. वगळलेल्या शब्दावर बोट ठेवून काही डॉक्टरांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली, वर पन्नास हजारांचा खर्च बसला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केलं.

सहीचं म्हणाल, तर संमतीपत्र म्हणजे धोके सांगितल्याची पोच. निष्काळजीपणाला दिलेली माफी नव्हे. शिवाय संमती ज्या गोष्टीला दिली तेवढ्यापुरतीच. दिल्लीतल्या एका बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. भूल दिलेल्या अवस्थेतच त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढलं गेलं. २००८ साली न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. भरपाई मात्र २५ हजार! मला ती आजही तोकडी वाटते.

सरकारी दवाखान्याचा मुद्दा अर्धवट आहे, म्हणून जास्त घातक. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात तिथे ग्राहक आयोगाचं दार बंद. केसपेपरचे किरकोळ पैसे भरल्याने ते उघडत नाही. पण काहींकडून पैसे आणि काहींना मोफत असेल, तर मोफतवालेही ग्राहकच. आणि आयोग नसला तरी दिवाणी न्यायालय आहेच. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीची नसबंदी झाली आणि टॉवेल पोटातच राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण बाई त्याच महिन्यात गेल्या. नवऱ्याने सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये परत दिले. पोटात टॉवेल सापडल्यावर निष्काळजीपणाचा वेगळा पुरावा कशाला हवा, असा साधा हिशेब. तेहतीस वर्षं लागली, हेही लपवत नाही.

रकमेला ठरलेला आकडा नसतो. वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं, झालेला खर्च, पुढची शुश्रूषा, असं मांडत जावं लागतं. कुणाल साहा यांना उपचारांतल्या हलगर्जीने झालेल्या पत्नीच्या मृत्यूबद्दल २०१३ मध्ये सुमारे ५ कोटी ९६ लाख मिळाले, वर सहा टक्के व्याज. पत्नी अमेरिकेत बालमानसतज्ज्ञ होत्या, हे त्या हिशेबात होतं. तो आकडा सर्रास मिळतो असं समजू नका.

राहिले पोलीस. डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला ढोबळ, अक्षम्य हलगर्जी दाखवावी लागते. २००५ पासून हा नियम पक्का आहे. भरपाईला तेवढी कडक कसोटी नाही आणि पोलिसांच्या निकालासाठी थांबायचीही गरज नाही. आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. उपचारांना भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फीसुद्धा नाही.

मध्यंतरी एक काकू आल्या होत्या. पिशवीत औषधांची बिलं तारीखवार टाचलेली, एकही हरवलेलं नाही. इनडोअर केसपेपर, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदी, मात्र एकही नाही. मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काका जाऊन दोन वर्षं चार महिने झाले होते. "पोलिसांचं उत्तर आल्याशिवाय काही करता येत नाही, असा मेसेज होता ना," त्या म्हणाल्या.

उशीर माफ करावा म्हणून अर्ज टाकलाय. त्यात सबळ कारण द्यावं लागतं, आणि फॉरवर्ड हे कारण आयोग कितपत मानेल याची मला धाकधूक आहे.