शब्द चालतो, मग बोलणारा का नाही चालत?

नाद खुळा, विषय हार्ड, लय भारी... हे शब्द आता कुठल्या एका भागाचे राहिलेच नाहीत. कोल्हापूर-सांगली कधी न बघितलेली पोरंपण रील्समध्ये, ग्रुपवर बिनधास्त वापरतात आणि मला ते मनापासून आवडतं. पोरांनी भाषा बिघडवली म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही, कारण स्लँगलापण नियम असतात आणि चांगले कडक असतात. नागपूरकडचा 'बे' घ्या. मित्राला 'काय करून राहिला बे' म्हटलं तर जवळीक, तेच अनोळखी माणसाला म्हटलं की भांडण ठरलेलं, आणि मोठ्यांसमोर तो तोंडातनं निघतच नाही. हे कोणी शिकवत नाही तरी पोरं चुकत नाहीत.

पण एक गोष्ट फार खटकते. आपण शब्द उचलतो आणि बोलणाऱ्याला हसतो. विदर्भातला पोरगा पुण्यात कॉलेजला येतो, 'मले', 'काहून' म्हणतो आणि सगळा बेंच हसतो. लातूर-नांदेडकडची पोरगी 'काय करायलास' म्हणाली की 'परत बोल ना' म्हणत तिचा खेळ करायचा. कोल्हापूरकडच्या बऱ्याच मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, ती तिकडची रीतच आहे, तरी त्यांना सुधारायला सगळे पुढे. 'पानी' म्हणणाऱ्याचं तर विचारूच नका, एका 'ण'वरून त्याची अक्कल, घर आणि (स्पष्टच बोलतो) जातसुद्धा मोजली जाते. मग ही पोरं वर्गात प्रश्न विचारायचं बंद करतात, इंटरव्ह्यूला एकेक शब्द तोलून बोलतात आणि त्या नादात येत असलेलं उत्तरपण अर्धवट राहतं. नुकसान किती होतं ते हसणाऱ्याला कळतपण नाही.

इंग्रजांच्या काळातल्या ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यातला मराठीचा खंड १९०५ ला आला, त्यात वऱ्हाडी-नागपुरीचे नमुने छापलेत. म्हणजे ह्या बोली काय काल इंटरनेटवर जन्मल्या नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने स्टेटस ठेवले, तो अभिमान फक्त पुस्तकी मराठीपुरताच होता का?

चॅटमुळे मात्र एक फार चांगलं झालंय. आधी लिहायचं म्हणजे बहुतेक प्रमाण भाषेतच, बोली जास्त करून तोंडी. आता वहीत ज्या 'मले'वर लाल पेन फिरायचा तोच 'मले' पोरं दिवसभर टाइप करतात आणि समोरचा त्याच बोलीत रिप्लाय देतो.