‘नाही’ म्हटल्यावर परत का विचारलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिस्बन करारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा कमी आला. उत्तर प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा लिस्बन करार स्वीकारता यावा म्हणून आयर्लंडने घटनादुरुस्तीवर सार्वमत घेतलं. 12 जून 2008 ला लोक ‘नाही’ म्हणाले. सोळा महिन्यांनी, 2 ऑक्टोबर 2009 ला, तोच करार परत लोकांपुढे ठेवला आणि ‘हो’ मिळाल्यावर विषय बंद झाला. मी याला लोकशाही म्हटलं होतं. तुमच्या शब्दांत हे ‘हो म्हणेपर्यंत कान पिळणं’. तुमचे बाकीचे मुद्दे असे: ‘नाही’वाले दुसऱ्या वेळी कंटाळून घरी बसले. एवढा किचकट करार सामान्य माणसाला कळत नाही, तर तो संसदेवर सोडावा. आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावरचा 1967 चा गोव्याचा जनमत कौल परत घेतला असता तर मला चाललं असतं का? जाता जाता माझी एक चूकही तुम्ही दाखवलीत.

चुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही सरळ बरोबर आहात. ‘आयरिश घटनेनुसार प्रत्येक युरोपीय करारावर सार्वमत घ्यावंच लागतं’ असं मी ठोकून दिलं होतं. घटनेत असं कुठेही नाही. घटनादुरुस्तीला सार्वमत लागतं, एवढंच तिथे आहे. करार आणि सार्वमत यांची गाठ मारली ती एका माणसाने केलेल्या दाव्याने. रेमंड क्रॉटी हा एकेकाळी किलकेनीत शेती करणारा, पुढे अर्थशास्त्राकडे वळलेला गृहस्थ. ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ हा तेव्हाचा नवा करार सरकारने संसदेत मंजूर करून घेतला होता, 1 जानेवारी 1987 पासून तो लागू व्हायचा होता. क्रॉटी कोर्टात गेला आणि 24 डिसेंबर 1986 ला, म्हणजे ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, हायकोर्टाने सरकारला मनाई केली. बाकी अकरा देश एका माणसासाठी खोळंबले. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की परराष्ट्र धोरण ठरवण्याचं स्वातंत्र्य सरकार स्वतःच्या अखत्यारीत बांधून देऊ शकत नाही, त्यासाठी लोकांची परवानगी लागेल. मे महिन्यात सार्वमत झालं, मंजुरी मिळाली, आणि करार लागू झाला 1 जुलैला. तेव्हापासून अधिकार सोडून देणारा मोठा करार आला की आयरिश सरकार धोका न पत्करता लोकांकडे जातं. पण सगळे करार जात नाहीत. क्रोएशियाला संघात घेण्याचा करार संसदेतच मंजूर झाला. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता ‘कंटाळून घरी बसले’ याबद्दल. 2008 मध्ये ‘नाही’ला 8,62,415 मतं होती, ‘हो’ला 7,52,451. 2009 मध्ये ‘नाही’ 5,94,606 वर आलं हे खरं, पण ‘हो’ गेलं 12,14,268 वर. एकूण मतदान 53 टक्क्यांवरून जवळपास 59 वर गेलं. म्हणजे ‘नाही’वाल्यांपैकी काही घरी बसलेही असतील, पण तेवढ्याने हा निकाल लागत नाही. दुसऱ्या वेळी लोक जास्त आले.

का आले, हे मात्र तुमच्या बाजूचं आहे. मी तेव्हा डब्लिनमध्ये नोकरीला होतो. नागरिक नसल्यामुळे सार्वमतात मला मत नव्हतं, फक्त डोळे होते. 2008 च्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या खांबांवर ‘नाही’वाल्यांचं एक पोस्टर होतं: तीन माकडं, आणि खाली मजकूर की नवा युरोप तुम्हाला बघणार नाही, तुमचं ऐकणार नाही, तुमच्यासाठी बोलणार नाही. आपल्याला गांधीजींची वाटावीत अशीच. शेजारच्या खांबावर ‘हो’वाल्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, कारण पुढच्या वर्षी स्थानिक निवडणुका होत्या! 2009 मध्ये चेहरे गेले आणि ‘हो म्हणा, नोकऱ्यांसाठी’ आलं. मधल्या काळात बँका कोसळल्या होत्या आणि माझ्या ऑफिसातल्या दोन रांगा रिकाम्या झाल्या होत्या. भीतीने मतं फिरली, हे मी नाकारत नाही. मूळ लेखात हे मी फार हलक्या हाताने लिहिलं होतं.

पण परत विचारलं की ‘हो’च येतं, हे तुमचं गृहीत आयर्लंडच्याच इतिहासात टिकत नाही. तिथे निवडणुकीची प्रमाणशीर पद्धत आहे, म्हणजे साधारण मतांच्या प्रमाणात जागा. सत्ताधारी फियाना फॉलला ती मोडून आपल्यासारखी ‘ज्याला जास्त मतं तो जिंकला’ अशी पद्धत आणायची होती. 1959 मध्ये त्यांनी विचारलं, लोक ‘नाही’ म्हणाले, पण काठावर, सुमारे 52 टक्के. नऊ वर्षांनी परत विचारलं, तर ‘नाही’ जवळपास 61 टक्के! त्यानंतर तो विषय काढायची कुणाची हिंमत झाली नाही. उलट घटस्फोटाचा प्रश्न 1986 मध्ये नाकारला आणि 1995 मध्ये नऊ-साडेनऊ हजार मतांच्या फरकाने मंजूर झाला. तोही तुमच्या हिशेबात कान पिळणंच का?

आणि पहिलं ‘नाही’ फुकट गेलं नाही. लिस्बनमुळे युरोपीय आयोगातली, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळातली, पदं कमी होऊन प्रत्येक देशाला कायम आपला आयुक्त मिळणार नव्हता. आयरिश नकारानंतर डिसेंबर 2008 मध्ये ठरलं की प्रत्येक देशाचा आयुक्त राहील. तो आजही आहे, एकट्या आयर्लंडचा नाही, सगळ्यांचा. कर, तटस्थता, गर्भपात यांबाबत हमीही लिहून दिली. करारातला स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही, असं तुम्ही म्हणालात, तेही बरोबर. माझी घरमालकीण हेच म्हणायची. दोन्ही वेळा तिने ‘नाही’वर फुली मारली.

तिच्यावरून आठवलं, ‘सामान्यांना कळत नाही’. सार्वमत आयोगाची पुस्तिका घरोघर आली होती, ती तिच्या स्वयंपाकघरात चहाच्या किटलीखाली असायची. त्यातला मतपत्रिकेचा नमुना मी पाहिला. करारातलं एक वाक्य त्यावर नाही. अमुक विधेयकातल्या घटनादुरुस्तीला तुमची संमती आहे का, एवढंच. आयरिश भाषेत ‘हो’साठी वेगळा शब्द नाही, म्हणून पर्याय छापतात ‘तॉ’ आणि ‘नील’, म्हणजे अक्षरशः ‘आहे’ आणि ‘नाही’. संमती आहे, संमती नाही. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. करार वाचायला घ्याल तर शासन निर्णयाचं शुद्धिपत्रक बरं वाटेल: अमुक कलमात तमुक शब्दांऐवजी ढमुक शब्द. पंतप्रधान ब्रायन कोवेन यांनीही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नसल्याचं कबूल केलं होतं. मग ‘कळत नसेल तर नाही म्हणा’ ही घोषणा चालली यात नवल काय?

तरीही संसदेवर सोडा, हे मला पटत नाही. 2008 मध्ये फियाना फॉल, फिना गेल, लेबर हे तिन्ही मोठे पक्ष ‘हो’च्या बाजूने होते. (वडिलांकडून मालवणजवळच्या वराडचे, पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर तेव्हा फिना गेलचे नवे खासदार, पण ते विषयांतर.) करार पाडा म्हणून मैदानात उतरलेला संसदेतला पक्ष एकच, शिन फेन, आणि त्याचे 166 पैकी 4 सदस्य. संसदेत हा प्रश्न दुपारच्या जेवणाआधी सुटला असता, आणि अर्ध्याहून जास्त मतदारांचं म्हणणं कुठेच नोंदलं गेलं नसतं. आपल्याकडे बेरुबारीचं हेच झालं. पश्चिम बंगालमधल्या या भागाचा अर्धा हिस्सा पाकिस्तानला देण्याचा 1958 चा नेहरू–नून करार, त्यावर घटनादुरुस्ती लागेल असं सुप्रीम कोर्टाचं मत, मग 1960 ची नववी घटनादुरुस्ती. ज्यांचं गाव नकाशावर हलणार होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

आता गोवा. प्रश्न बिनतोड आहे, म्हणून शेवटी ठेवला. नाही, 1968 मध्ये परत कौल घेतला असता तर मला चाललं नसतं. आयर्लंडमध्ये ‘नाही’नंतर सरकारला काहीतरी पदरात पाडून घेऊन यावं लागलं, गोव्यात ‘दोन पानं’ या विलीनीकरणविरोधी निशाणीने 34 हजारांच्या मताधिक्याने कौल जिंकल्यावर विलीनीकरणवाल्यांकडे द्यायला नवं काय होतं? शिवाय एकदा महाराष्ट्रात गेल्यावर परतीची वाट नव्हती. युरोपीय संघातून बाहेर पडायची वाट लिस्बन करारातच लिहिली आहे, ब्रिटन तिथूनच गेला.

पण गोव्याची मला जास्त कुतूहलाची गोष्ट वेगळीच आहे. जानेवारीत विलीनीकरण नाकारणाऱ्या मतदारांनी दोनेक महिन्यांनी विधानसभेला विलीनीकरणवाल्या मगोलाच (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) परत सत्ता दिली, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पक्ष हवा, पण त्याचा तो एक प्रस्ताव नको. तुमचे आजोबा म्हापशाच्या रांगेत ‘दोन पानां’साठी उभे होते असं तुम्ही लिहिलंय. मार्चमध्ये त्यांनी कुणाला मत दिलं, हे घरात कधी बोललं गेलं का?